पाण्याचा पैरा

आमच्या पेन्शनरांच्या कट्ट्यावर एक गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली जाते: कॉम्प्युटरवाल्या बाईनं मेलेल्या माणसाला पाणी दिलं, ती. सांगणारे आमच्याच पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. दर खेपेला गोष्टीत थोडा मसाला वाढतो. पूर्वी मेलेला माणूस एकच होता, आता त्याची बायकोही मेलेली असते आणि तिलाही पाणी मिळतं. ऐकणारे खो-खो हसतात. मीही हसत आलो आहे, आणि तेच आता जिवाला लागतं.

कारण गोष्ट खोटी आहे. बाईंनी मेलेल्या माणसाला पाणी दिलं नाही. ते आम्ही देत होतो, बाई यायच्या आधीपासून कैक वर्षं. बाईंचा प्रोग्रॅम चांगला होता. तो सदोष आहे असं ज्यानं सहीनिशी लिहून दिलं, तो मी.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. मी बिद्रीच्या बाजूला एका कालव्यावर शाखाधिकारी होतो. जिकडं बघावं तिकडं ऊस, आणि गळीत सुरू झालं की हवेत मळीचा वास. कालव्याला पाणी सोडलं की त्याला आवर्तन म्हणायचं. आवर्तनात कुणाच्या रानाला कधी पाणी मिळणार याचा क्रम आम्ही लावायचो. शेवटच्या टोकाच्या रानापासून सुरुवात, मग एकेक शेजारी करत वर. म्हणून त्याला शेजपाळी म्हणतात. दार उघडायला आणि बंद करायला खात्याचा पाटकरी. क्रमाचा कागद त्याच्या खिशात असायचा, आणि बहुतेक वेळा तो तिथंच राहायचा.

कारण पाणी कागदावर चालत नव्हतं, पैऱ्यावर चालत होतं. पैरा आमच्याकडं शिकवावा लागत नाही. आज तुझ्या भांगलणीला माझ्या घरची माणसं, उद्या माझ्या पेरणीला तुझी बैलं. लिहिणं नाही, मोजणं नाही, विसरणं तर नाहीच. पाण्याचंही तसंच. कुणाच्या मुलीची सुपारी फुटली, कुणाकडं कारखान्याची ऊसतोड टोळी अचानक आली, तर त्यानं आपली पाळी शेजाऱ्याला द्यायची आणि पुढच्या आवर्तनात परत घ्यायची. तोड चालू असलेल्या रानात पाणी गेलं तर उसाची गाडी रुतून बसते, आणि टोळी कधी येणार हे टोळीच्या मुकादमालाही ठाऊक नसतं. तेव्हा ही अदलाबदल ठरलेलीच. पाणी यायच्या आदल्या दिवशी गावाच्या पारावर सगळे बसायचे, पाटकऱ्याला चहा पाजायचे आणि तिथं खरा क्रम ठरायचा.

नियमाप्रमाणे हा गुन्हा होता. ज्याला पाणी मंजूर त्यानंच ते वापरायचं. माझ्या आधीच्या अधिकाऱ्यांनी ही अदलाबदल पाहिली होती, पण खात्यानं पाहिली नव्हती. मी स्वतः गडमुडशिंगीच्या शेतकरी घरातला. आमच्या भाऊबंदांत विहिरीचं पाणी असंच फिरायचं. त्यामुळं मला त्यात गैर काही वाटत नव्हतं. फक्त ते बोलायचं नाही, एवढं कळत होतं.

आणि मेलेली माणसं? ती आमच्या यादीत होती. जमीन आजोबाच्या नावावर, आजोबा भिंतीवर हार घालून बसलेले, वारसांची नावं लावायला कुणाला सवड नाही. पाणी आजोबाच्या नावानं मंजूर व्हायचं आणि नातू ते पाजायचा. पाटकऱ्याला सगळे नातू तोंडपाठ होते, त्यामुळं कधी अडलं नाही.

अशात कॉम्प्युटर आला. आमच्या कार्यकारी अभियंत्यांनी, म्हणजे आमच्या साहेबांनी, पुण्यात कुठंतरी कॉम्प्युटरचं प्रात्यक्षिक पाहिलं आणि वरिष्ठांना शब्द देऊन टाकला की आमच्या कालव्यावर शेजपाळी कॉम्प्युटर लावेल. काम मिळालं राजारामपुरीतल्या एका छोट्या कंपनीला. कंपनी म्हणजे एक बाई आणि त्यांचे दोन जोडीदार. बाईंची तिशीही झाली नव्हती. कोल्हापुरातून मोपेडवर यायच्या, डोक्याला ओढणी घट्ट बांधून. कोल्हापूरच्या मुली बोलतात तसं ‘मी येतो, मी जातो’ बोलायच्या. मूळ घराणं सीमेकडचं, वडिलांचं लक्ष्मीपुरीत सुतळी-बारदानाचं दुकान. वडिलांना त्या अप्पा म्हणायच्या आणि दुसऱ्याच भेटीत मला अण्णा म्हणायला लागल्या.

एकदा मी सहज विचारलं, "बाई, एवढ्या लांब येता, घरचे काही म्हणत नाहीत?"

"म्हणतात की! अप्पांनी अख्ख्या लक्ष्मीपुरीत दुकान-दुकान फिरून सांगितलंय, सरकारचं पाणी आता माझी पोरगी वाटणार म्हणून. आता मला हे काम चांगलंच करायला लागतंय, अण्णा. न्हाईतर त्या रस्त्यानं जायची चोरी व्हायची."

त्या हसत होत्या, पण चेष्टेत बोलत नव्हत्या. त्या घरात मुलीनं दुकानाबाहेर काढलेलं हे पहिलं पाऊल होतं.

मग ती बैठक झाली. साहेब खास त्यासाठी आमच्या शाखेत आले होते. मी शेजारी, दाराशी पाटकरी. बाई विचारत होत्या आणि मी सांगत होतो: क्षेत्र किती, पीक कुठलं, क्रम कसा. सगळं झाल्यावर त्यांनी विचारलं, "आणि एकाची पाळी दुसऱ्यानं घेतली, असं होतं का कधी?"

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. पाटकरी एकदम छत न्याहाळायला लागला.

"तसं होत नाही," मी म्हणालो.

"कधीच न्हाई?"

"नियमात नाही."

"मी नियमाचं न्हाई विचारत, अण्णा. रानातलं विचारतोय."

साहेब म्हणाले, "बाई, जे नियमात नाही ते खात्यात होत नाही. पुढं चला."

बाई पुढं गेल्या. साहेब गेल्यावर पाटकरी मला म्हणाला, "साह्येब, लई सफाईनं बोलला की."

"मग काय सांगायचं होतं? तू पारावर बसून वाटण्या करतोस म्हणून?"

"न्हाय न्हाय, बेस बोलला. मला अजून पोरीचं लगीन करायचं हाय."

बाई हुशार होत्या. त्यांना माझं उत्तर पटलं नव्हतं. "पाणी सुटायच्या आदल्या दिवशी मला गावात बसायचं हाय," असं त्या म्हणत राहिल्या. मग मी काय केलं, तर पाहुणचार. आमच्याकडं पाहुण्याला नाही म्हणता येत नाही, पण जेवायला घालून त्याला वाटेतून वळवता येतं. त्या गावाकडं निघाल्या की वाटेतल्या एखाद्या घरी खरवस तयार असायचा. तो झाला की दुसऱ्या घरी धपाटे. बाई शाकाहारी, त्यामुळं बायकांना हुरूप यायचा, ताटात दह्यामागून दही. जेवण होईतो दुपार कलायची आणि पाटकरी गंभीर चेहऱ्यानं सांगायचा, "आता पारावर कोण न्हाई गावायचं, ताई. समदी रानात गेल्यात." ताई बिचाऱ्या तृप्त होऊन मोपेड वळवायच्या. लाच देऊन सत्य दडवणारे खात्यात पुष्कळ पाहिले. खरवस चारून दडवणारे आम्हीच असू.

उद्घाटनाची तारीख ठरली. ती प्रोग्रॅम तयार व्हायच्या आधीच ठरली होती, आणि एखाद्या चारीवर, म्हणजे कालव्याच्या एका फाट्यावर, आधी चालवून बघू असं बाई म्हणाल्या तेव्हा साहेब म्हणाले, पाहुण्यांना निमंत्रणं गेली आहेत. फीत कापली. प्रिंटर करकर करत भोकाभोकाचा लांबलचक कागद ओकू लागला आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. तो कागद गावोगावच्या चावड्यांवर चिकटवला. साहेबांनी पाटकऱ्याला सक्त ताकीद दिली, कागदाबाहेर एक थेंब गेला तर निलंबित.

लोकांना कागद आवडला. आपलं नाव छापून आलं म्हणून माणसं बघायला गर्दी करत होती. एका म्हाताऱ्यानं आपल्या बापाचं नाव वाचलं, घरी गेला आणि हार घेऊन आला. कागदाला हार घालून नमस्कार केला आणि म्हणाला, "आबा, सरकार तुला इसरलं न्हाई बघ."

मग पाणी सुटलं.

पहिल्याच सकाळी मी चारीच्या तोंडाशी पोचलो तर तिथं दोन शेतकरी आणि पाटकरी, तिघंही लाल झालेले. एकाच्या रानात ऊसतोड चालू, कागदावर नाव त्याचं. शेजाऱ्याचं रान वाळलेलं, पण त्याची पाळी लांब.

"दार माझ्याकडं काढ की," शेजारी म्हणत होता.

"कागदावर तुमचं नाव न्हाई," पाटकरी म्हणाला.

"अरं, मी द्यायला लागलोय की त्याला!" तोडवाला ओरडला. "मला नको हाय पाणी!"

"नाव तुमचं हाय. घ्याच लागतंय."

"घ्याच लागतंय? गाडी आत हाय माझी! रुतली तर वडायला तुझा काम्पुटर जुपणार हाईस व्हय रं?"

"मला निलंबित करत्यात, पावणं. मी काय करू?"

दोघंही माझ्याकडं वळले. मला काय करायचं ते चांगलं ठाऊक होतं. दार शेजाऱ्याकडं काढायचं, इतकंच. पण साहेबांच्या सहीचा कागद पाटकऱ्याच्या हातात होता आणि तसला दुसरा चावडीवर. मी म्हणालो, "कागदाप्रमाणं करा." तोडवाल्यानं आपल्या रानाच्या तोंडाशी माती टाकून पाट बुजवला आणि पाणी ओढ्याला गेलं. वाळलेल्या रानाचा मालक ओढ्याच्या काठावर उभा राहून पाण्याला हात जोडत म्हणाला, "जावा, जावा, सुखानं जावा."

दुपारपर्यंत माझ्या कचेरीत माणसं जमली. एक जण म्हणाला, "साह्येब, ह्यो माझा आज्जा. कवाचा गेलाय. पाटकरी म्हणतोय, तुमचं नाव न्हाय, त्येचं हाय. मग त्येला वरनं बोलवून घ्या. पाणी पाजील आन् जाईल परत."

हसू आलं, पण पुढचं हसण्यासारखं नव्हतं. ज्या चुलत्या-पुतण्यांत पाण्यावरून कधी शब्द झाला नव्हता, त्यांच्यात पहिली लेखी तक्रार आली. जे इतकी वर्षं पारावर बोललं जात होतं ते चावडीवर छापून आल्याबरोबर चोरी ठरलं. बाईही धावत आल्या, प्रत्येकाचं ऐकू लागल्या, आणि थोड्याच वेळात त्यांच्या लक्षात येऊ लागलं असावं. त्यांनी मला एकदा नुसतं विचारलं, "अण्णा, ही सगळी माणसं आधी काय करत होती?" मी म्हणालो, "आता नको, बाई. गर्दी आहे."

शेवटी लोक ट्रॅक्टर घेऊन कचेरीवर आले. मोर्चा म्हणायचा, पण ट्रॉलीत गुऱ्हाळावरचा ताजा गूळ होता आणि आमच्या कारकुनांनाही त्यांनी तो वाटला. आवर्तन थांबलं. वरून साहेबांना विचारणा झाली आणि साहेबांनी मला सांगितलं, "कारण लिहून द्या."

कारण मला माहीत होतं. यादी आमची, पैरा आमच्या डोळ्यांदेखतचा आणि बैठकीतलं उत्तर माझं. पण ते लिहिलं असतं तर चौकशी लागली असती, आणि पहिला बळी पाटकऱ्याचा गेला असता. त्याची नोकरी वाचवायला मी खोटं लिहिलं, असं मी पुढं बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. ते निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं असं, की माझी बढती जवळ आली होती. मी लिहिलं, "संगणक प्रणाली सदोष असून प्रत्यक्ष परिस्थितीस अनुरूप नाही." वाक्याचा शेवटचा भाग तर खराच होता. प्रत्यक्ष परिस्थिती मीच सांगितली नव्हती.

बाई मला भेटायला आल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"अण्णा, दोष काय तेवढा सांगा. मी दुरुस्त करतो. जादाचं काही मागत न्हाई."

"बरेच आहेत, बाई."

"एक तरी सांगा."

मी चहा मागवला. त्या न पिता उठल्या. जाताना म्हणाल्या, "अप्पांना मी काय सांगू?" मी टेबलाच्या काचेखालचं कॅलेंडर बघत राहिलो.

कंपनीचं नाव सरकारी कामांच्या यादीतून गेलं. कॉम्प्युटरवर निळं आवरण चढलं आणि आवरणावर कारकुनांचे जेवणाचे डबे. मला बढती मिळाली. पाटकऱ्याच्या मुलीचं लग्न झालं. जेवण झकास होतं. तिथंच तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "साह्येब, माझा मेव्हणा लक्ष्मीपुरीत बारदान घ्यायला जातोय. त्यो म्हातारा आता गिऱ्हाइकाला सांगतोय, पोरीला झेपलं न्हाई, सरकारी काम बुडीवलं. पोरगी त्या रस्त्यानं येत न्हाई म्हणं." मला जिलबी गोड लागेना.

काही वर्षं गेली. नातीच्या बारशाला पैंजण घ्यायचे म्हणून मी हुपरीला गेलो. तिथं घराघरात चांदीचा कारखाना. एका ओळखीच्या कारखानदाराकडं बसलो तर त्याच्या टेबलावर कॉम्प्युटर. मी विचारलं, "हा नीट चालतो का?"

"न चालून काय करंल? हे बघा. आमच्या हितं चांदी घरोघर फिरती. ह्यानं त्याच्याकडनं उसनी घेतली, त्यानं तिसऱ्याला दिली. समदं ह्यात येतंय. एक रकानाच केलाय त्याला, ‘उसनवार’ म्हणून."

"कुणी केलं हे?"

"कोल्हापूरच्या बाई हाईत एक. येऊन बसल्या चार दिवस, ह्या जाजमावर. आमच्या कारभारणीनं जेवायला बोलवलं तर म्हणल्या, जेवन मागनं, आधी सांगा एकमेकांत काय काय फिरवता. खोटं सांगितलासा तर काम्पुटरबी खोटंच बोलंल, मग मला बोलवायचं न्हाई."

"आणि तुम्ही सांगितलं सगळं?"

तो हसला. "न सांगून? आम्हाला काय वर साह्येब बसलाय व्हय भ्यायला?"

मी पैंजण घेतले. छापील बिल आलं. ते बरोबर होतं.

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसून होतो. तेव्हा कुठं मला आमच्या फजितीचं खरं कारण स्वतःशी कबूल करता आलं. सरकारी कॉम्प्युटर बंद पडला की आम्ही म्हणतो वीज नव्हती, माणसं अडाणी होती, कंपनी बोगस होती. तसंही असतं. पण आमच्याकडं वीज होती, लोक शहाणे होते आणि कंपनी चांगली होती. अडलं ते एवढ्यावर, की जे नियमात नाही ते खात्यात घडत नाही. जे घडत नाही ते प्रोग्रॅम करणाऱ्याला कुणी सांगत नाही. आणि जे सांगितलेलं नाही ते पहिल्याच सकाळी चारीच्या तोंडाशी येऊन उभं राहतं. हुपरीच्या माणसाला खरं सांगायची भीती नव्हती. मला होती. भीती तशीच ठेवून कितीही महागाचं यंत्र आणलं तरी ते खोट्यावरच चालणार.

निवृत्त झाल्यावर मला कोल्हापूरच्या कचेरीत बोलावणं आलं. पुन्हा शेजपाळी, पुन्हा कॉम्प्युटर. नवे साहेब तरुण होते. जुन्या माणसांचा अनुभव घ्यावा म्हणून आम्हा चार-पाच म्हाताऱ्यांना त्यांनी बसवलं होतं. पुण्याहून आलेला कंपनीचा माणूस पडद्यावर चित्रं दाखवत होता. शेवटी त्यानं विचारलं, "याला काही अपवाद? एकाचं पाणी दुसरा घेतो वगैरे?"

सगळे चहाच्या कपात बघू लागले. ते बघणं माझ्या ओळखीचं होतं.

मी म्हणालो, "साहेब, आज इथं बोललेल्यावर कुणाची चौकशी लागणार नाही, असं आधी सांगा. मग मी बोलतो."

नव्या साहेबांनी माझ्याकडं नीट बघितलं आणि लिहून घेणाऱ्याला पेन खाली ठेवायला सांगितलं. "बोला, काका."

"होतं," मी म्हणालो. "सगळ्या कालव्यांवर होतं. माझ्या कालव्यावर तर दुसरं काही होतच नव्हतं."

मी पैरा सांगितला, मेलेल्या आजोबांची यादी सांगितली, खरवससुद्धा सांगितला. साहेब हसायला लागले आणि मग बांधच फुटला. एक म्हणाला, आमच्याकडं जत्रेच्या आठवड्यात अख्खं गाव पाणी खालच्या गावाला देतं. दुसरा म्हणाला, आमच्याकडं दोन व्याही एकमेकांच्या पाळ्या मुलीच्या बाळंतपणापासून फिरवतायत, अजून फिटलेल्या नाहीत. कंपनीचा माणूस म्हणत होता, "सर, हळू, हळू." मी एवढंच म्हणालो, की आधी पारावर जाऊन एक आवर्तनभर गप्प बसा आणि कुणाच्या घरी जेवू नका. मग एकाच चारीवर चालवा, जुनी रीत बंद न करता. आणि अदलाबदलीला आधी नियमात जागा द्या, मग प्रोग्रॅममध्ये. साहेबांनी त्यातलं बरंचसं केलं. पुढं ते किती टिकलं हे मला माहीत नाही, पण पहिल्या आवर्तनात ट्रॅक्टर कुणी आणला नाही.

बैठक संपल्यावर मी साहेबांना म्हणालो, "आधीच्या कंपनीबद्दल माझा शेरा आहे. तो खोटा आहे. मला दुरुस्त करायचा आहे." त्यांनी अर्ज द्यायला सांगितलं. मी दिला. उत्तर आलं, ती फाईल मुदत संपल्यानं नष्ट करण्यात आली आहे, सबब दुरुस्तीचा प्रश्न उद्भवत नाही. म्हणजे माझं खोटं कागदावरून केव्हाच पुसलं गेलं होतं. ते उरलं होतं फक्त माणसांच्या तोंडात, आणि तिथं अर्ज चालत नाही.

मग मी राजारामपुरीत गेलो. बाई आता कॉम्प्युटरचे वर्ग चालवत होत्या, केसांत थोडं पांढरं आलं होतं. त्यांनी मला लगेच ओळखलं, पण बसा म्हणाल्या नाहीत. उभ्या-उभ्या मी सगळं सांगितलं.

मग म्हणाल्या, "हे मला कशाला सांगताय, अण्णा? माझा प्रोग्रॅम बरोबर हाय हे मला तवाच माहीत होतं. लक्ष्मीपुरीत जाऊन सांगा."

"अप्पांना?"

"अप्पा दुकानात असतात दिवसभर. चहा तिथंच घ्या. दिला तर."

दुसऱ्या दिवशी मी लक्ष्मीपुरीत गेलो. सुतळीच्या गुंड्यांच्या ढिगाऱ्यात कपाळाला भस्म लावलेले एक ताठ म्हातारे बसले होते. समोर दोन गिऱ्हाइकं. मी म्हणालो, आपण आत बसून बोलू का?

"आत काय हाय? बोला हितंच."

मी हितंच बोललो. ते ऐकत राहिले, हातातली सुतळी गुंडाळत. शेवटी गुंडी बाजूला ठेवली आणि इतक्या मोठ्यानं ओरडले की समोरच्या दुकानातला तराजू थांबला.

"म्हणजे माझ्या पोरीचं काय चुकलं न्हवतं?"

"नाही."

"आन् मी एवढी वर्षं गावभर तिलाच बोल लावत फिरलो?"

"माझ्यामुळं."

"तुमच्यामुळं आन् माझ्या ह्या तोंडामुळं! मोठं साह्येब तुम्ही! पोरीनं एवढं इचारलं, तर जिभेला काय फोड आल्ता व्हय?" ते पुढं पुष्कळ बोलले. ते इथं लिहीत नाही, पण त्यातलं काही चुकीचं नव्हतं. गिऱ्हाइकं सौदा विसरून ऐकत होती. दम लागल्यावर ते उठले, टोपी घातली आणि माझा दंड धरला.

"चला."

"कुठं?"

"मी जिथं जिथं सांगितलंय तिथं तिथं. माझ्या तोंडानं आता कोण खरं मानणार? तुम्ही सांगायचं."

आणि म्हाताऱ्यानं मला दुकान-दुकान फिरवलं. गुळाच्या दुकानात, पेंडीच्या दुकानात, पत्रावळीवाल्याकडं. प्रत्येक ठिकाणी ते पुढं होऊन म्हणायचे, "ऐका, हे सरकारी साह्येब काय म्हणत्यात," आणि बाजूला होऊन हाताची घडी घालून उभे राहायचे. मी सांगायचो. पहिल्या दुकानात मी शेवटच आधी सांगून बसलो. चौथ्या-पाचव्या दुकानापर्यंत गोष्ट सुटसुटीत यायला लागली. तोडवाल्याची गाडी आली की लोक हसत, आज्जाला वरनं बोलवा म्हटलं की आणखी हसत, आणि शेवटी बाईंचं काही चुकलं नव्हतं म्हटलं की मान हलवत. पेंडवाला म्हणाला, "अप्पा, मग तुमची पोरगी हुशार निघाली की!" अप्पा म्हणाले, "निघाली म्हणजे? होतीच."

एका दुकानात शेवटी चहा मिळाला. मी घाम पुसला आणि विचारलं, "अप्पा, झालं का?"

"झालं कसं?" ते बशीत फुंकर घालत म्हणाले. "खेड्यातली गिऱ्हाइकं राहिली की. ती रविवारच्या बाजाराला येत्यात. रविवारी या. लवकर या, गर्दी असती."

रविवारी मी पहिल्या बसनं गेलो.